सुट्टीची बेगमी

एप्रिल संपत आला की पेण तालुक्यातल्या घराघरांत एकच लगबग असते. गच्चीवर, अंगणात जुन्या साड्या अंथरून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं वाळत घातलेली असतात. मीठ भरून ठेवायचं, सुकी मासळी डब्यात घट्ट बंद करायची, चिंच फोडायची, आमसुलं उन्हात टाकायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा. पुढचे चार महिने पाऊस कोसळणार, तेव्हा घरात काय असेल ते आत्ताच ठरतं. कोकणात या कामाला बेगमी म्हणतात. नेमक्या याच दिवसांत शाळेला सुट्टी लागते आणि त्याच घरातल्या आईवडिलांना प्रश्न पडतो, की आता दीड महिना या मुलाचं करायचं काय?

पेण शहराला लागून, मुंबई-गोवा महामार्गावर असलेल्या रामवाडीत हा प्रश्न जास्तच टोचतो. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय इथलंच. पहाटेची गाडी घेऊन जाणाऱ्या चालक-वाहकाला मुलाच्या सुट्टीशी जुळवून घेता येत नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळ्या असतात. कुणी पनवेल-मुंबईकडे रोज ये-जा करतं. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत तर उन्हाळा म्हणजे ऐन हंगाम. घरात आजी असली तर ठीक, नाहीतर मूल आणि मोबाइल, दोघंच.

या प्रश्नावर शाळेचं एक म्हणणं असतं, संशोधकांचं दुसरं, शिबिरवाल्यांचं तिसरं आणि आजीचं चौथं. ही सगळी म्हणणी एकत्र ठेवून पाहिली की मला एकच गोष्ट पटते. शाळेचं वेळापत्रक जसं तासातासाने भरतात तशी सुट्टी भरू नये. ती बेगमीसारखी करावी. वस्तू मोजक्याच, पण वर्षभर पुरतील अशा. रोज थोडंथोडं काम, आणि त्यात घरातल्या सगळ्यांचा हात.

हाताशी दिवस किती?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. महाराष्ट्रात शाळांच्या सुट्ट्या वर्षात ७६ दिवसांपेक्षा जास्त होऊ नयेत असा नियम आहे. त्यातला सर्वांत मोठा तुकडा उन्हाळ्याचा. २०२५ साली २ मेपासून सुट्टी लागली आणि शाळा १६ जूनला उघडल्या. विदर्भात ऊन उशिरापर्यंत तापतं, म्हणून तिथे त्या २३ जूनला उघडल्या.

म्हणजे साधारण पंचेचाळीस दिवस. त्यातून लग्नकार्य, गावची जत्रा, मामाकडचा आठवडा, एखादा ताप, नव्या वह्या-पुस्तकांची खरेदी वजा करा. हाती तीसेक दिवस उरतात. पोहणं, चित्रकला, इंग्रजी संभाषण, अबॅकस, संस्कृत आणि कराटे तीस दिवसांत बसवायचं म्हटलं तर मुलाला सगळ्यांची तोंडओळख होते आणि हाताला काहीच लागत नाही.

विसरतात म्हणजे नेमकं काय होतं?

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, ही शिक्षकांची जुनी तक्रार. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरचे ३९ अभ्यास तपासले आणि मुलं सरासरी महिनाभराचं शिक्षण गमावतात असा निष्कर्ष काढला. आकडेमोड आणि शब्दांचं लेखन यांत घसरण जास्त होती. वाचनात मात्र घरच्या परिस्थितीनुसार फरक पडत होता. बॉल्टिमोर शहरातल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या कार्ल अलेक्झांडर यांच्या गटाने २००७ मध्ये मांडलं, की नववीत गरीब आणि सुखवस्तू मुलांत जी दरी दिसते, तिचा मोठा भाग प्राथमिक शाळेच्या उन्हाळी सुट्ट्यांत तयार झालेला असतो. शाळा चालू असताना दोन्ही घरांतली मुलं जवळपास सारख्या वेगाने पुढे जातात. शाळा बंद झाली की एका घरात पुस्तकं असतात, दुसऱ्या घरात नसतात.

या निष्कर्षांनाही आव्हान मिळालं आहे. पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की चाचणी बदलली की दरी किती वाढली याचं उत्तरही बदलतं. शिवाय अमेरिकेची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची, आपली त्याहून बरीच लहान. त्यामुळे घाबरून जाऊन सुट्टीत पुढच्या इयत्तेचा अर्धा अभ्यासक्रम उरकून घेण्याला या संशोधनात आधार नाही. आधार आहे तो रोजच्या थोड्या सरावाला.

वाचनाबद्दल मात्र एक अभ्यास आपल्या फार कामाचा आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी बारा पुस्तकं दिली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. त्या मुलांचं वाचन लक्षात येईल इतकं सुधारलं. महत्त्वाची अट एकच होती, की पुस्तकं मुलांनी स्वतः निवडलेली असावीत.

पुस्तक मुलाने निवडायचं असेल तर आधी समोर पुस्तकं हवीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत शेकडो सचित्र गोष्टी आहेत, त्याही विनामूल्य. पेणच्या सार्वजनिक वाचनालयाचं बालसभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्यावं आणि पुस्तक बदलायला मुलालाच पाठवावं. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं नकोत. आजीला गोष्ट सांगायला लावली की पुरे. सांगता आली म्हणजे समजली.

पाऊणकी आणि भरती

गणितासाठी वेगळी शिकवणी लावण्याआधी खाडीकडे बघा. पेणचा खारेपाट भरती-ओहोटीवर जगतो. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घातलेले, मिठागरांत भरतीचं पाणी घेतलेलं, धरमतरच्या खाडीत होड्यांची वेळ पाण्यावर ठरलेली. किनाऱ्यावरच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, मधली ओहोटी सव्वासहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे. खाडीत जितकं आत जावं तितकी वेळ थोडी पुढे सरकते. पण दिनदर्शिका आणि पाऊणकी एवढ्या भांडवलावर दहा वर्षांचं मूल समुद्राची वेळ सांगू शकतं.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाढे आज पाठ्यपुस्तकांत दिसत नाहीत आणि अपूर्णांक मुलांना जड जातात. सुट्टीत मुलाने पंधरा दिवस रोज भरतीची वेळ काढावी, वहीत लिहावी आणि शक्य असेल त्या दिवशी खाडीवर मोठ्यांबरोबर जाऊन पडताळावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण का येतं आणि अष्टमीच्या सुमारास पाणी कमी का चढतं, हा प्रश्न मग ते आपणहून विचारतं. गुणाकार, अपूर्णांक, घड्याळ, चंद्राच्या कला आणि नोंदवही, सगळं एका धाग्यात येतं.

या हिशेबाची खरी परीक्षा अलिबागला घ्यावी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणून पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी. जायचा दिवस मुलाने ठरवावा. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारून वेळ पक्की करावी आणि पाणी वळण्याआधी परत फिरावं. त्याच फेरीत चुंबकीय वेधशाळेची इमारत बाहेरून का होईना, दाखवावी. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. विजेच्या तारेभोवती चुंबकत्व असतं हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं, आणि त्यापायी आख्खी वेधशाळा गाव बदलून आली हे तिथे उभं राहून ऐकणं वेगळं.

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मंच भाडं आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे आजी, आई आणि नात या तिघींची सहल आता फार महाग राहिलेली नाही. पेण तालुक्यातलंच गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. पनवेलकडे जाताना कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य, त्याच्या पुढे वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण. सुट्टीत अशा तीन सहली झाल्या तरी पुष्कळ. जाण्याआधी एक प्रश्न आणि आल्यावर एक पान, एवढीच शिस्त पाळावी.

शिबिराला घालावं का?

महाराष्ट्राला शिबिरांची मोठी परंपरा आहे. ४ जून १९४१ ला उभं राहिलेलं राष्ट्र सेवा दल, साने गुरुजींच्या नावाची कथामाला, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी यांनी मुलांच्या अनेक पिढ्यांना घराबाहेर राहायला, एकत्र जेवायला, भांडी घासायला आणि गोष्ट सांगायला शिकवलं. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटिल थिएटर’ काढलं आणि पुढे मुंबई-पुण्यात सुट्टी आणि बालनाट्य हे समीकरणच होऊन बसलं. आपल्याच जिल्ह्यात माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथेही मुलांची आणि तरुणांची शिबिरं होतात.

आजच्या छंदवर्गांत चांगलेही आहेत आणि नुसते भपकेबाजही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एका मोठ्या माणसामागे मुलं किती? शेवटच्या दिवशी मुलाच्या हाताला काय येत असेल? मूल कंटाळलं, रडलं, तर काय करता? आणि पालकाला न सांगता मधेच येऊन बघता येईल का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले गेले, तर तिथून परत फिरावं. मुलालाही नकोशा स्पर्शाबद्दल स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं आणि १०९८ हा बालमदतीचा क्रमांक पाठ करून घ्यावा.

शिबिर नसलं तरी काही अडत नाही. वाडीतल्या चार घरांनी वार वाटून घेतले, प्रत्येकाने आठवड्यातून एक दुपार सात-आठ मुलांना आपल्या ओटीवर बसवलं, तर तेही शिबिरच होतं. एका घरी शिवण, दुसरीकडे बुद्धिबळ, तिसरीकडे सायकलचं पंक्चर, चौथीकडे नुसत्या गोष्टी. पाळीत काम करणाऱ्या आईवडिलांना अशी वाटणी सर्वांत जास्त उपयोगाची. सुट्टीचा एखादा दिवस त्यांच्याकडेही असतोच.

हाताला काम, पण कोणतं?

‘सुट्टीत जरा कामाला लाव’ हे वाक्य आजोबांकडून हमखास येतं. त्यात तथ्य आहे आणि धोकाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवायला बंदी आली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या धोका नसलेल्या उद्योगात मदत करायला मात्र मुभा आहे. ही मुभा शिकण्यासाठी आहे. मजुरी वाचवण्यासाठी ती वापरली, तर मुलाची सुट्टीच आपण विकून खाल्ली असं होईल.

पेणमध्ये ही सीमा रोज डोळ्यांसमोर असते. मे महिन्यात कारखान्यांत कच्च्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. शाडू कशी मळतात, साच्यातून निघालेले भाग कसे जोडतात, रंगाचे हात कोणत्या क्रमाने देतात, डोळ्यांची आखणी सर्वांत जाणत्या हाताकडे का असते, हे मुलाने बघावं, विचारावं आणि मूठभर शाडूची स्वतःची मूर्ती करावी. फवाऱ्याने रंग मारणं, प्लास्टरच्या धुळीत बसणं, दिवसभर ओझी उचलणं हे मुलाचं काम नव्हे.

घरातलं काम मात्र रोज हवंच, आणि मुलाला ते खरं वाटायला हवं. पापडाच्या लाट्या मोजणं, एका किलो पिठाचे किती पापड झाले याचा हिशेब ठेवणं, वाळवण उलटणं आणि कावळ्यांपासून राखणं, कुंडीतल्या रोपांना पाणी, स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे. मुलगा असो की मुलगी, काम तेच. पुष्कळ घरांत सुट्टी लागली की मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला लागते आणि मुलगा मैदानावर जातो. तिची सुट्टी त्या क्षणी संपलेली असते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

ऊन, पाणी, विंचू

२८ मार्च २०१७ ला रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला पारा ४६.५ अंशांवर गेला होता. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. किनारपट्टीला पारा ३७ अंश ओलांडून सरासरीच्या साडेचार अंश वर गेला तरी हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून कोकणातलं कमी आकड्याचं ऊनही बाधतं. म्हणून मैदान सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी सावली, पाणी, ताक, पन्हं, कोकम सरबत.

पाण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा. पाच ते चौदा वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे जगभरातलं तिसरं मोठं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो. नदीचा डोह, धरणाचा जलाशय, दगडखाणीत साचलेलं पाणी, मातीसाठी खणलेले खड्डे, यांपैकी कुठेही मुलांनी मोठ्यांशिवाय उतरायचं नाही, हा सुट्टीचा पहिला नियम. पूर्वी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवणारा एक काका गावात असायचा. तसा जाणता माणूस असेल तर याच सुट्टीत पोहणं शिकून घ्यावं. ही शिदोरी जन्मभर पुरते.

लाकूडफाटा रचताना, दगड उचलताना लाल विंचू निघतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे असंख्य रुग्ण वाचवले आणि हा उपचार जगापुढे मांडला. दंश झाला की मंत्र-उतारे नकोत, थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

मोबाइल आणि मोकळा वेळ

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला तासाभराच्या आत, असं सांगितलं. शाळकरी मुलाला मिनिटांपेक्षा एक साधी कसोटी लावावी. मोबाइलने त्याची झोप खाल्ली का? खेळ? जेवताना बोलणं? सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि रोज किमान तासभर दमवणारी हालचाल. फॉन हिप्पेल आणि जोसेफ वर्कमन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दुसरीपर्यंत वाढलेला लठ्ठपणा सगळा सुट्ट्यांतच वाढलेला दिसला. शाळा काही नाही तरी दिवसाला आकार देते. जेवायची, उठायची, हिंडायची वेळ ठरवते. तो आकार सुट्टीत घराने द्यायचा असतो.

आकार द्यायचा, पण वेळ कोंबायचा नाही. कोलोराडोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचे दिनक्रम पाहिले. ज्यांच्याकडे मोकळा वेळ जास्त होता, ती मुलं स्वतःचं काम स्वतः ठरवण्यात पुढे होती. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कायदा करता येणार नाही. पण ‘मला कंटाळा आलाय’ म्हणणाऱ्या मुलाला तासभर तसंच राहू दिलं, की ते दोऱ्या, पुठ्ठे, डबे शोधायला लागतं, हे कुणीही घरी पाहावं. हातात लगेच मोबाइल दिला तर तो तास येतच नाही.

ज्यांना सुट्टीच नसते

या सगळ्या गप्पा ज्यांच्या घरी ओटी आहे त्यांच्या. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. त्यांच्या मुलांची शाळा मधेच सुटलेली असते आणि उन्हाळा भट्टीच्या धगीत जातो. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावं, हा विचार या मातीतलाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्यायला सांगितलं, ते उगाच नव्हे. काही मुलांना सुट्टी म्हणजे दुपारचं एक जेवण कमी. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि गावोगावच्या माता पालक गटांकडून पहिलीत जाणाऱ्या मुलांची घरच्या घरी तयारी करून घेतली जाते. रामवाडीसारख्या ठिकाणी ओटीवरच्या दुपारच्या वर्गात शेजारच्या आदिवासी वाडीतली चार मुलं बोलावली, त्यांना पुस्तकं दिली, आपल्या मुलांबरोबर जेवायला बसवलं, तर त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. दोन्हीकडच्या मुलांची बेगमी त्यात वाढते.

एक दिवस असा

पाचवीतल्या मुलीचा दिवस समजा. सहाला उठणं, सायकल किंवा मैदान. आठला न्याहारी आणि घरातलं ठरलेलं एक काम. साडेनऊला वीस मिनिटं गणित, त्यातच भरतीचा हिशेब. मग बारापर्यंत तिचा तिने निवडलेला एक छंद, महिनाभर तोच. जेवण, वामकुक्षी, दुपारी अर्धा-पाऊण तास वाचन, मग ओटीवरचा वर्ग किंवा काहीच नाही. पाचनंतर खेळ. रात्री पडदा बंद करून आजीजवळ गोष्ट आणि नऊच्या आत झोप. ठरलेल्या गोष्टी मोजक्याच, बाकी सगळा वेळ तिचा. आठवड्यातून एक दिवस हेही नाही. वेळापत्रक तिनेच मोठ्या कागदावर लिहावं, म्हणजे मोडलं तर तिलाच कळेल.

कुणाच्या घरी हे वाचेपर्यंत मे अर्धा सरला असेल. आईची रजा झाली नसेल, वडिलांची पाळी बदलली असेल, मूल दुपारभर मोबाइलवर असेल. तरी उशीर झालेला नाही. बेगमी करणाऱ्या बायका आभाळाकडे बघत बघत शेवटचं वाळवणसुद्धा घालतात आणि पहिल्या सरीआधी उचलतात. आज संध्याकाळी मुलाला घेऊन खाडीकडे जा आणि त्याला तिथी विचारा. तिथून सुरुवात होईल.